दुखवट्याच्या घरातला अभ्यास



स्मृती-व्याख्यानमाला गेलेल्या माणसाच्या नावानं भरते. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं गावाला चार शब्द ऐकायला बोलवावं, ही रीत मला फार मोलाची वाटते. म्हणून आजचा विषयही मी त्याच उंबऱ्यावरचा घेतला आहे. घरातलं माणूस गेलं, घर दुखवट्यात बसलं आणि त्या घरात शाळेत जाणारं एक पोर आहे. मोठ्यांचं स्वतःचंच मन ठिकाणावर नाही. अशा वेळी त्या पोराच्या शिक्षणाकडं कुणी बघायचं आणि कसं बघायचं?

याचा दाखला आपल्याच करवीरात, म्हणजे कोल्हापुरात आहे. आपल्या गडमुडशिंगीच्या माणसाला त्यासाठी लांब जायला नको. आपल्या सगळ्यांना राजर्षी शाहू महाराज माहीत आहेत ते आरक्षणाचे, वसतिगृहांचे, राधानगरीच्या धरणाचे. मी आज बोलणार आहे ते तरुण मुलगा गमावलेल्या बापाबद्दल. त्या बापानं आपल्या अकरा वर्षांच्या विधवा सुनेची शाळा कशी उभी केली, त्याबद्दल.

दिवस होता १२ जून १९१८. महाराजांचे धाकटे चिरंजीव, राजकुमार शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि गेले. वय एकोणीस. त्यांचं लग्न झालं होतं ६ जून १९१७ ला, म्हणजे लग्नाला वर्ष होऊन सहाच दिवस झाले होते. सून सासवडच्या जगतापांची. माहेरचं नाव जमना, सासरी आल्यावर इंदुमती. जन्म ६ डिसेंबर १९०६ चा. हिशेब करा. लग्नात ती साडेदहा वर्षांची होती आणि विधवा झाली तेव्हा साडेअकरा.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. साडेदहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणाऱ्यांत महाराज स्वतः होते. ज्या राजानं १९१७ सालीच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याच वर्षी विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं, त्याच्याच वाड्यात त्याच वर्षी हे लग्न झालं. त्या काळच्या घराण्यांची रीत तशी होती, हे खरं. तरी त्या मुलीवर कोसळलेल्या संकटाचा एक धागा महाराजांच्या हातापर्यंत येतो, हेही खरं आहे. मला वाटतं, ते त्यांना पुरतं कळलं होतं. पुढच्या चार वर्षांत त्यांनी त्या मुलीसाठी जे केलं त्यात नुसती माया दिसत नाही. आपण हिचं देणं लागतो, ही जाणीव त्यात दिसते.

त्या काळी राजघराण्यातल्या विधवा मुलीच्या वाट्याला काय येई, ते वेगळं सांगायला नको. आतली खोली, पडदा, व्रतं आणि उरलेलं सगळं आयुष्य. वय अकरा असलं तरी तेच. इंदुमतीदेवींच्या शिक्षणाला राजवाड्यातूनच विरोध झाला. महाराणी लक्ष्मीबाईंनाही ते रुचलं नव्हतं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. त्या आईचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला होता. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं पाटी-पुस्तक घेऊन बसावं, हे बघवणं सोपं नसतं. आजही नसतं. दुखवट्याच्या घरात पोरानं मोठ्यानं कविता म्हटली तर कुणीतरी दटावतंच, ‘गप बस, घरात काय झालंय कळत न्हाई व्हय?’

महाराजांनी या विरोधाशी वाद घालत बसण्यापेक्षा मुलीची जागा बदलली. शहराबाहेर सोनतळीला त्यांचा मुक्काम असे. तिथं त्यांनी इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय लावली. रडणाऱ्या वाड्यापासून जरा लांब, पण सासऱ्याच्या नजरेखाली. तिला दूर कुठं पाठवून दिलं नाही आणि वाड्यात कोंडलंही नाही. या एका निर्णयात केवढी समज आहे! दुःखातल्या मुलाला घर सुटल्याची भीती वाटू नये आणि घरातलं रडं चोवीस तास अंगावरही येऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी सांभाळल्या.

दुसरा निर्णय मला याहून मोठा वाटतो. त्यांनी तिला एकटीला शिकवलं नाही. तिच्याबरोबर शिकायला, राहायला आणखी काही मुली आणल्या, त्याही निरनिराळ्या जातींच्या. महाराजांना नुसते मास्तर नेमून भागवता आलं असतं, पैसा होता. पण अकरा वर्षांच्या मुलीला मास्तराइतकीच मैत्रिणीची गरज असते. धडा पाठ झाला नाही म्हणून हसणारी, वेणी ओढणारी, उद्या काय खेळायचं ते ठरवणारी मैत्रीण. समाजानं जिला विधवा ठरवून टाकलं होतं, तिला त्या मुलींनी पुन्हा मुलगी होऊ दिलं असणार. यात जातीचं वेगळं भाषण कुणी दिलं नाही, एका छपराखाली शिकणं एवढंच झालं. वसतिगृहांतून महाराज जे राज्यभर करत होते, तेच त्यांनी आपल्या शोकात बुडालेल्या घरात केलं.

ही गोष्ट त्यांना कुठून सुचली, असं मी स्वतःला विचारतो तेव्हा महाराजांचं बालपण डोळ्यापुढं येतं. कागलच्या घाटग्यांचा यशवंत. आई राधाबाई १८७७ मध्ये गेल्या, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. १७ मार्च १८८४ ला तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. म्हणजे दहाव्या वर्षाच्या आत आई गेली, नाव गेलं, घर गेलं. मग शिकायला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं. तिथं असतानाच, मार्च १८८६ मध्ये, वडील आबासाहेब घाटगेही गेले. बारा वर्षांचंही नव्हतं ते पोर. आईवेगळं, बापावेगळं, घरापासून शेकडो मैलांवर.

ते पोर कोलमडलं नाही, याला कारणं आहेत. राजकोटला ते एकटं नव्हतं. धाकटा भाऊ बापूसाहेब बरोबर होता. पुढं धारवाडला फ्रेझरसाहेब शिक्षक म्हणून लाभले. ते पुस्तकाबरोबर देश दाखवायला घेऊन फिरले. रघुनाथराव सबनीस लाभले, जे नंतर कोल्हापूरचे दिवाण झाले. म्हणजे ज्या मास्तरानं पोरकेपणात शिकवलं, त्या मास्तराला त्या पोरानं राजा झाल्यावर आपल्या शेजारी बसवलं. सोबती, शिक्षक आणि समोर काही तरी ध्येय, या आधारावर पोरकं मूल तग धरतं, हे महाराजांना कुठल्या ग्रंथातून शिकावं लागलं नव्हतं. सोनतळीला त्यांनी सुनेला जे दिलं, ते त्यांच्या लहानपणी त्यांना मिळालेलंच होतं.

ध्येयाचंही त्यांनी ठरवलं होतं. इंदुमतीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ही नुसती हौस नव्हती. कोल्हापूरला बाई डॉक्टर कशी असते ते ठाऊक होतं. रखमाबाई केळवकर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत होत्या. त्यांच्या कन्या कृष्णाबाई संस्थानच्या मदतीनं डॉक्टर होऊन आल्या आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या आजच्या सीपीआरमध्ये, बायकांवर उपचार करत होत्या. तेव्हा अकरा वर्षांच्या विधवेपुढं डॉक्टरकीचं चित्र ठेवताना महाराज हवेत बोलत नव्हते. बोट दाखवायला माणूस होतं. दुःखातल्या मुलाला ‘शिकून मोठा हो’ म्हणून काही होत नाही. ‘त्या अमक्या ताईसारखं व्हायचं’ म्हटलं की त्याला पुढचं वर्ष दिसायला लागतं.

आणि हे सगळं करताना महाराजांची स्वतःची अवस्था काय होती? तब्येत ढासळत होती, मधुमेह होता. त्याच १९१८ सालच्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची साथ आली आणि मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी झाली. विरोधकांशी लढाया चालूच होत्या. पुढच्या एप्रिलात ते कानपूरच्या सभेला गेले, तिथं त्यांना ‘राजर्षी’ म्हटलं गेलं. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. हा सगळा बाहेरचा इतिहास आपण पाठ केलेला आहे. त्याच दिवसांत सोनतळीला एका मुलीचा अभ्यास चालू होता आणि मुलाच्या मरणानं खचलेला एक बाप तो चालू ठेवत होता, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत कमी आलं. माझ्या लेखी ते माणगावइतकंच मोठं आहे.

आता या गोष्टीचा दुखरा भाग. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत गेले. वय सत्तेचाळीस. इंदुमतीदेवी तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. चार वर्षांत दुसऱ्यांदा त्यांच्या डोक्यावरचं छत्र गेलं. त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९२५ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. राजघराण्यातल्या विधवेनं त्या काळात मॅट्रिक होणं ही केवढी गोष्ट, हे आजच्या दहावीच्या मुलींनी समजून घ्यावं. पण डॉक्टर होणं राहून गेलं. ज्याच्या शब्दावर सगळं चाललं होतं, तो माणूस उरला नव्हता.

इथं थांबून विचार करायला हवा, कारण आजच्या व्याख्यानाचं सार इथं आहे. एका माणसाच्या बळावर उभं केलेलं शिक्षण त्या माणसाबरोबर खाली बसतं. छत्रपतींच्या घरात हे झालं, मग तुमच्याआमच्या घरात काय होत असेल? बाप गेला, मामा म्हणाला मी शिकवतो. दोन वर्षांनी मामाची नोकरी गेली, संपलं. आजी बघत होती, आजी गेली, संपलं. पोराचं शिक्षण खाटेसारखं चार पायांवर पाहिजे. एक पाय डळमळला तर बाकीच्यांनी तोलून धरावं.

इंदुमतीदेवींना हे कळलं होतं, असं मला वाटतं. पुढं त्यांनी स्वतः संस्था काढल्या. १९५४ मध्ये ललिता विहार. नंतर मुलींचं हायस्कूल आणि गृहिणी महाविद्यालय. एका मायाळू सासऱ्याची वाट न बघता मुलींना शिकता यावं, बायकांना हाताला काम मिळावं, यासाठी. ३० नोव्हेंबर १९७१ ला त्या गेल्या. डॉक्टर झाल्या नाहीत, पण शिकलेल्या कित्येक मुली त्यांच्या संस्थांतून बाहेर पडल्या.

आता आपल्या गावाकडं वळू. घरात माणूस गेल्यावर शाळकरी पोराला आपण काय काय करतो, ते मला मोकळेपणानं बोलायचं आहे. कुणाचं मन दुखावलं तर माफी असावी, पण हे बोललंच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळा गाव जमतो. नदीवरून परतताना कुणीतरी वडीलधारं त्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, ‘आता तूच घरचा कर्ता. आईला सांभाळ.’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण या एका वाक्यानं किती पोरांची शाळा सुटली असेल! त्याला त्या घडीला रडायचं असतं आणि आपण त्याच्यावर संसार टाकतो. मग ते वर्गात बसून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम कधी मिळेल याचा विचार करतं. महाराजांनी सुनेला घरची जबाबदारी दिली नाही, अभ्यास दिला. घरातला कर्ता मोठा माणूसच असतो, मूल नसतं. घरात दुसरं कुणी नसेल तर गावानं कर्तं व्हावं.

दुसरं, मामाकडं पाठवणं. ‘इथं राहून काय करणार, तिकडं शिकंल’ म्हणून पोराला आजोळी नेतात. कधी कधी इलाज नसतो, मान्य आहे. पण बाप गेलेल्या पोराचे मित्र, वर्ग, त्याला नावानं ओळखणाऱ्या बाई हे सगळं एका दाखल्यानिशी निघून जातं. एका मरणामागं दोन-तीन मरणं त्याच्या वाट्याला येतात. होईल तितकं त्याच शाळेत ठेवा. निदान ते वर्ष तरी पुरं होऊ द्या.

मुलींच्या बाबतीत तिसरी गोष्ट आहे आणि ती सगळ्यांत वाईट आहे. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा आपल्याकडं समज आहे. बाप गेला की भाऊबंद बैठक घेतात आणि ठरतं, ‘पोरीचं वर्षाच्या आत करून टाकू, एक ओझं कमी.’ दहावीतली, अकरावीतली मुलगी बापाच्या वर्षश्राद्धाच्या आधी बोहल्यावर चढते. तिच्या डोळ्यांतलं पाणी बापासाठी आहे की पुस्तकांसाठी, हे कुणी विचारत नाही. अठरा वर्षांच्या आत हे करणं गुन्हा आहे. अठरानंतरही, तिचं शिक्षण चालू असेल तर या समजाला काडीचा आधार नाही. तीन वर्षं थांबायचं तर थांबा. तीन वर्षांत पदवी होते.

सुतकाचं म्हणाल तर माझं मत हे, की रक्षाविसर्जन झाल्यावर पोराला दोन-चार दिवसांत शाळेत जाऊ द्यावं. तेरा दिवस, मग महिना असं करत पोर मागं पडतं आणि मागं पडलेल्याला वर्गात जायची लाज वाटते. शाळेत जाणं म्हणजे बापाला विसरणं, असं कुणी त्याला वाटू देऊ नये. मूल मोठ्यांसारखं सलग दुःख करत नाही. घटकाभर खेळतं, मध्येच रडतं, मग पुन्हा तेच विचारतं, ‘पपा परत कधी येणार?’ त्याला ‘गावाला गेलेत’ म्हणू नका. गेले, परत येणार नाहीत, आणि आपण आहोत, एवढं साध्या शब्दांत सांगा. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.

शिक्षकांना माझी खास विनंती आहे. असं मूल परत वर्गात आलं की सगळ्या वर्गासमोर त्याची कीव करू नका. त्याला चार महिने आकडे चुकतील, वही विसरेल, उगीच भांडेल. त्यासाठी त्याला मार नको आणि अभ्यासातून पूर्ण सूटही नको. थोडं कमी, पण रोज. आणि महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन या. आईशी बोला. त्या बाईच्या डोक्यात रेशन, कर्ज, सासरचे वाटे यांचा गोंधळ चाललेला असतो. ‘पोराचं मी बघते, तुम्ही तेवढं आठ वाजता झोपवा’ असं एका बाईंनी सांगितलं तरी तिचं अर्धं ओझं उतरतं.

त्या आईबद्दल आणखी एक सांगतो. विधवेचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या हे त्या पोराच्या डोळ्यांदेखत होतं. ते दृश्य पोर आयुष्यभर विसरत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्याच दिवसांत, ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आईचा मान राहिला तर पोराचं मन सावरतं, म्हणून मी हा विषय शिक्षणाचाच समजतो.

पैशाचं थोडक्यात. कोविडनं दोन्ही पालक नेलेल्या मुलांच्या नावे सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकच पालक उरलेल्या मुलांसाठीही योजना आहे, हे पुष्कळ घरांपर्यंत पोचलेलं नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा पात्र मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मरणाचं कारण कोविडच हवं असं नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं जातो. कागद गोळा करायला लागतात, चकरा होतात, आणि नुकतीच विधवा झालेली बाई त्या चकरा मारू शकत नाही. अर्ज भरून देणारं, तिच्याबरोबर कार्यालयात जाणारं कुणीतरी हवं. इथं बसलेल्या निवृत्त मंडळींना हे काम सहज जमेल.

माझं मागणं मोठं नाही. या गावातल्या प्रत्येक शाळेनं, आई किंवा वडील नसलेल्या मुलांची यादी जूनमध्ये वर्ग भरताच करावी. ती भिंतीवर लावू नये, मुख्याध्यापकांच्या टेबलात ठेवावी. त्या यादीतल्या प्रत्येक मुलासाठी गावातून दोन माणसं नेमावीत, एक नको, दोन. एक अभ्यासाची विचारपूस करेल, दुसरा कागदपत्रांची. त्यांनी वर्षभर त्या घरी जायचं आणि मुलगी असेल तर वर्षाच्या आतल्या लग्नाची बोलणी निघाल्यावर आडवं यायचं. ज्यांना हे काम घ्यायचं आहे त्यांनी आज घरी जाण्याआधी मुख्याध्यापकांकडं आपलं नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. मी स्वतःचं नाव सगळ्यांत आधी लिहून देणार आहे.